इंजिनाचे पाणी आणि बिनपाण्याचे कूलंट

सावंतवाडीहून आंबोलीचा घाट चढून बेळगावास येण्याचा प्रवास ज्यांनी जुन्या काळच्या मोटारींतून केला आहे, त्यांना एक दृश्य खचित आठवत असेल. घाटाच्या एखाद्या वळणावर, झऱ्याच्या जवळपास, ट्रक किंवा एस.टी.ची गाडी उभी असे. बॉनेट उघडलेले, रेडिएटरच्या तोंडातून वाफेचा लोट निघालेला, आणि क्लीनर एका हातात पाण्याचा डबा व दुसऱ्या हातात ओले पोते घेऊन जरा अंतरावर उभा. वाफ ओसरल्यावाचून टोपणाला हात लावायचा नाही, हे ज्ञान त्याला कोणत्याही पुस्तकाने दिलेले नसे. स्वतःचा हात भाजून घेतलेल्या त्याच्या उस्तादाने दिलेले असे. इंजिन निवले, पाणी ओतले, की गाडी पुन्हा चढणीस लागे. इंजिन तापणे म्हणजे पाणी उकळणे आणि पाणी उकळणे म्हणजे थांबणे, असा तो सरळ हिशेब होता.

याच पाण्याला इंजिनातून कायमचा निरोप द्यावा, असे सांगणारा एक द्रव मोटारीच्या हौशी मंडळींत बराच चर्चेत आहे. अमेरिकेतील ‘इव्हान्स’ या नावाने तो विशेष ओळखला जातो. त्याला ‘वॉटरलेस कूलंट’ म्हणतात. आपण त्यास निर्जल कूलंट म्हणू. त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल, इथिलीन ग्लायकॉल किंवा या दोहोंचे मिश्रण आणि त्यात थोडी गंजरोधक द्रव्ये, एवढीच त्याची घडण. सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तो उकळत नाही, त्यामुळे नळ्यांत दाब चढत नाही, पाणीच नसल्याने गंज धरत नाही, आणि वर्षानुवर्षे बदलावाही लागत नाही, असे विक्रेते सांगतात. ज्याने मोठ्या हौसेने टर्बो इंजिनाची वेगवान गाडी घेतली आहे, तिच्या संगणकात फेरफार करून आणखी अश्वशक्ती मिळवली आहे, आणि वर्षातून दोन-चार वेळा चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या शर्यतीच्या मार्गावर जो ती पळवावयास नेतो, त्याला हे वर्णन वाचून मोह न पडला तरच नवल. “मेस्त्री, हे घातलं तर गाडी कधीच तापणार नाही ना?” असे तो विचारतो. मेस्त्री बाटली फिरवून फिरवून पाहतो आणि म्हणतो, “उकळणार नाही असं लिहिलंय, साहेब. तापणार नाही असं कुठं लिहिलंय?”

मेस्त्रीच्या या उत्तरातील भेद नीट समजून घेण्यासारखा आहे. न उकळणे हा एक गुण. उष्णता वाहून नेणे हा दुसरा. पहिला गुण ज्याच्यापाशी विपुल आहे, त्याच्यापाशी दुसराही असेल, असे आपण सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात या दोन द्रवांच्या बाबतीत नेमके उलटे आहे.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची सारी शक्ती काही चाकांपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ मानाने तिसरा हिस्सा कामी येतो, तिसरा हिस्सा एक्झॉस्टच्या नळीवाटे निघून जातो, आणि उरलेला हिस्सा सिलिंडरच्या भिंतींत व वरच्या हेडमध्ये शिरून बाहेर पडण्याची वाट शोधतो. ज्वलनकक्षातील वायूचे तापमान क्षणभर २,००० अंशांच्याही वर जाते. हेड बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांस वितळते. पण वितळण्याची वेळ येण्याच्या कितीतरी आधीच ते मऊ पडते व वाकते. हेड वाकले की गॅस्केट फुटते, गॅस्केट फुटले की तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात, आणि मग बिल हजारांत राहत नाही. म्हणून हेडच्या पोटातून, विशेषतः एक्झॉस्ट व्हाल्व्हच्या आसपासच्या चिंचोळ्या वाटांतून, द्रव सतत खेळता ठेवावा लागतो. तो तेथील उष्णता उचलतो आणि रेडिएटरमध्ये आणून वाऱ्याच्या स्वाधीन करतो.

या हमालीत पाण्याचा हात धरणारा द्रव सापडणे कठीण. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते. गाडीत नेहमी घालतात त्या अर्धे पाणी व अर्धे इथिलीन ग्लायकॉल या मिश्रणास ३.३ च्या आसपास लागते. शुद्ध इथिलीन ग्लायकॉलला अवघी २.४, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलला २.५. म्हणजे निर्जल द्रवाचा प्रत्येक किलो पाण्याच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आतबाहेर ओझे उचलतो. गरम झाल्यावर ग्लायकॉलची ही शक्ती थोडी वाढते आणि त्याची घनताही पाण्याहून जास्त असते, हे जमेस धरले तरी फरक मोठाच राहतो. समजा, एखादे इंजिन जोरात चालू असता दर सेकंदास ५० किलोज्यूल, म्हणजेच ५० किलोवॉट, उष्णता कूलंटला देत आहे आणि पंप मिनिटाला १०० लिटर द्रव फिरवीत आहे. तर इंजिनातून एकदा फिरून येताना पाणी सुमारे ७ अंशांनी तापेल, अर्धे-अर्धे मिश्रण ८ अंशांहून थोडे अधिक, आणि निर्जल कूलंट १० ते ११ अंशांनी.

दोन-तीन अंशांचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. परंतु खरी अडचण द्रवात नसून धातू आणि द्रव जेथे भिडतात तेथे आहे. धातूला चिकटून द्रवाचा एक अतिशय पातळ, संथ थर असतो. मधला प्रवाह कितीही वेगाने जावो, उष्णतेला आधी हा थर ओलांडावा लागतो. तेथे दोन गोष्टींना महत्त्व येते : द्रव किती उष्णतावाहक आहे, आणि तो किती पातळ आहे. पाण्याची उष्णतावाहकता ०.६ एवढी मानली, तर अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाची ०.४ भरते, इथिलीन ग्लायकॉलची ०.२५ आणि प्रॉपिलीन ग्लायकॉलची ०.२. दाटपणाचे तर विचारूच नये. नेहमीच्या हवामानात इथिलीन ग्लायकॉल पाण्याच्या पंधरा-वीस पट दाट असते व प्रॉपिलीन ग्लायकॉल पन्नास पटींच्या आसपास. तापल्यावर दोन्ही बरीच पातळ होतात, तरी पाण्याएवढी कधीच नाहीत. द्रव दाट असला की पंपाला जोर अधिक लागतो, प्रवाह मंदावतो, आणि धातूलगतचा तो संथ थर जाड होतो. परिणामी तेवढीच उष्णता बाहेर काढण्यासाठी हेडच्या धातूला आधीपेक्षा अधिक तापावे लागते. तापमापकाचा काटा द्रवाचे तापमान दाखवतो, धातूचे नव्हे. म्हणून काट्याकडे पाहून समाधान मानणारा मालक येथे फसतो.

मग निर्जल कूलंटचे पुरस्कर्ते काय खोटे बोलतात? तसेही नाही. त्यांच्या म्हणण्यातील सत्य पाहावयाचे तर स्वयंपाकघरात जावे. घावन घालण्यापूर्वी तवा तापला की नाही, हे पाहण्यास गृहिणी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडते. तवा बेताचा तापलेला असेल तर थेंब चुर्र करून तत्काळ नाहीसा होतो. तोच तवा अतिशय तापला असेल तर थेंब मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर नाचत राहतो, लवकर आटतच नाही. कारण त्याच्याखाली वाफेची एक पातळ गादी तयार होते आणि ती गादी तव्याची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही. योहान लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ साली या चमत्काराचे वर्णन केले, म्हणून तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. इंजिनाच्या हेडमध्येही असे घडू शकते. व्हाल्व्हजवळचा धातू फार तापला की तेथे वाफेचा पडदा धरतो, त्या पडद्याआडचा धातू उष्णता देऊ न शकल्याने आणखी तापतो, आणि पडदा आणखी घट्ट होतो. ज्या द्रवाचा उत्कलनबिंदू १८० अंश आहे, त्यात असा पडदा सहसा धरणारच नाही. हा निर्जल कूलंटचा खरा आणि मोलाचा गुण.

येथे एक गोष्ट मात्र विसरली जाते. पडदा धरण्याच्या आधीची जी पायरी, थेंब चुर्र करतो ती, ती उष्णता काढण्याची फार प्रभावी रीत आहे. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तप्त धातूवर बारीक बुडबुडे उठतात, सुटतात, लगेच आसपासच्या थंड द्रवात विरतात, आणि जाताना धातूची उष्णता ओरबाडून नेतात. सुस्थितीतील इंजिनात जोराच्या चालीच्या वेळी व्हाल्व्हच्या आसपास असे सौम्य बुडबुडे उठणे मुळीच अनिष्ट नाही. निर्जल द्रव उकळतच नसल्यामुळे हा फायदा त्याच्या वाट्यास येत नाही. वाफेचा शत्रू त्याने दूर ठेवला खरा, पण तिचा स्नेहही गमावला.

आणि पाण्याचा उकळण्याचा दोष काढण्यास पाणीच काढून टाकावे लागते, असे थोडेच आहे? दाब वाढवला की कोणताही द्रव उशिरा उकळतो. समुद्रकाठी पणजीस पाणी १०० अंशांस उकळते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, तेथे ते साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. लेहला ८८ अंशांच्या सुमारास. हीच गोष्ट उलट बाजूने केली तर? प्रेशर कुकरमध्ये तेच केलेले असते. रेडिएटरचे टोपण म्हणजे कुकरचे झाकण होय. त्यातील स्प्रिंग दर चौरस इंचास १५ पौंडांपर्यंत दाब धरून ठेवणारी असेल, तर साधे पाणी १२० अंशांपर्यंत आणि अर्धे-अर्धे मिश्रण सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. घाटात वाफा सोडणाऱ्या त्या जुन्या गाड्यांची टोपणे एक तर दाब धरणारी नसत, किंवा स्प्रिंग थकून गेलेली असे.

पाणी टाकावे की पाण्यावर दाब आणावा, हा वाद मोटारींत नवा वाटतो. विमानविद्येत तो फार पूर्वीच लढून झाला आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत कर्टिस कंपनीच्या ‘काँकरर’ या बारा सिलिंडरी विमान-इंजिनात पाण्याऐवजी इथिलीन ग्लायकॉल घालण्याचे प्रयोग झाले. उद्देश अगदी तर्कशुद्ध होता. बाहेरची हवा ४० अंश आणि रेडिएटरमधील द्रव ९० अंश असेल, तर दोहोंत ५० अंशांचे अंतर. तोच द्रव १२० अंशांवर ठेवता आला तर अंतर ८० अंशांचे होते, आणि तेवढ्याच उष्णतेसाठी बराच लहान रेडिएटर पुरतो. विमानाला रेडिएटर म्हणजे वाऱ्याला अडवणारी भिंत. ती जितकी लहान तितका वेग अधिक. आजच्या वेगवान मोटारीलाही हे अंतराचे गणित तितकेच लागू आहे.

इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस कंपनीने आधी निराळाच मार्ग धरला होता. ‘गॉसहॉक’ या इंजिनात पाण्याला मुद्दाम वाफ होऊ द्यायचे आणि ती वाफ पंखांच्या पृष्ठभागात खेळवून पुन्हा पाणी करायचे, अशी योजना होती. आर. जे. मिचेल या अभिकल्पकाने हे इंजिन घालून बांधलेले सुपरमरीन कंपनीचे विमान १९३४ साली उडाले, आणि तापण्याच्या दुखण्याने बेजार झाले. त्याच मिचेलने पुढे स्पिटफायर घडवले. त्यातील मर्लिन इंजिनासाठीही आरंभी वाफेचीच पद्धत योजली होती. ती भरवशाची ठरेना, तेव्हा शुद्ध इथिलीन ग्लायकॉलचा आश्रय केला गेला. म्हणजे १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जे हवाई युद्ध झाले, त्यातील स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या पहिल्या आवृत्त्या आजच्या भाषेत निर्जल कूलंटवरच उडत होत्या. गोळी लागून रेडिएटर फुटला की विमानामागे ग्लायकॉलची पांढरी रेघ उमटे, आणि आपली मिनिटे आता मोजकी आहेत, हे वैमानिकाला कळे.

परंतु मर्लिनच्या पुढच्या आवृत्त्यांत, बाराव्या व विसाव्या क्रमांकापासून, त्याच कंपनीने शुद्ध ग्लायकॉल सोडून दिले. त्याजागी ७० टक्के पाणी व ३० टक्के ग्लायकॉल आले, आणि सारी यंत्रणा दाबाखाली बसवली गेली. इंजिन अधिक थंड राहू लागले, त्याचे आयुष्य वाढले, आणि तापलेल्या भागांवर शुद्ध ग्लायकॉल सांडून पेट घेण्याचा जो धोका होता, तोही कमी झाला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी जी हरिकेन विमाने चालवली, ती या नंतरच्या मर्लिनचीच. लहान रेडिएटर आणि उंच तापमान हे दोन्ही लाभ पाणी न सोडता, केवळ दाबाच्या बळावर मिळवता आले. ज्यांच्यापुढे पैशाचा नव्हे तर जिवाचा प्रश्न होता, त्या अभियंत्यांनी दोन्ही पर्याय वापरून पाहिले आणि पाण्याकडे परतले, ही गोष्ट बाटलीवरच्या कोणत्याही मजकुराहून वजनदार मानावी लागेल.

आता आजच्या मोटारीकडे येऊ. निर्जल कूलंटची सारी मदार उकळण्याच्या उंच मर्यादेवर आहे. पण आधुनिक इंजिनाचा संगणक द्रवाचे तापमान सतत पाहत असतो, आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की द्रव उकळो वा न उकळो, तो इंजिनाची शक्ती कापतो. ही मर्यादा १८० अंशांच्या कितीतरी खाली असते. मग वरचे ते मोकळे अंतर विकत घेऊन उपयोग कोणता? शिवाय ज्वलनकक्षाच्या भिंती जास्त तापल्या की पेट्रोल ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता अवेळी पेटू पाहते. गाडी ‘नॉकिंग’ करते, असे मेस्त्री म्हणतात ते हेच. संगणकाला याची चाहूल लागताच तो ठिणगी मागे सारतो, आणि ज्या अश्वशक्तीसाठी एवढा खटाटोप केला, तीच कमी होते. गाड्या बनवणाऱ्यांना हे पुरते ठाऊक आहे. बी.एम.डब्ल्यू.सारख्या गाड्यांत संगणक-नियंत्रित थर्मोस्टॅट असतो. रस्त्याने सावकाश जाताना इंधन वाचावे म्हणून तो द्रव १०५ अंशांच्या आसपास ठेवतो; चालकाने जोर लावताच तो तापमान बरेच खाली आणतो. जोराच्या वेळी इंजिन थंड असावे अशी निर्मात्याची इच्छा आहे, आणि निर्जल द्रव नेमका त्याच वेळी धातूला अधिक तापवतो.

पाण्याच्या आणखी एका उपकाराची जाणीव तो नसल्यावरच होईल. पाणी संकटाची वर्दी देते. उकळते, शिट्टी घालते, वाफ सोडते. मालक मुकाट्याने कडेला थांबतो. निर्जल द्रव गप्प असतो. पंपाचा पट्टा तुटला, पंखा बंद पडला, तरी वाफेचा मागमूस नाही. तोवर हेड वाकलेले असते. तापमापक आणि इशाऱ्याचा दिवा चोख असेल तर ठीक. जुनी गाडी असून तिचा काटा लहरी असेल, तर ही शांतता महागात पडते.

शर्यतीच्या मार्गावर तर प्रश्न केवळ आपल्या इंजिनाचा राहत नाही. ग्लायकॉल निसरडे असते. पाणी सांडले तर वाळून जाते. ग्लायकॉल सांडले तर डांबरावर चिकट थर राहतो, आणि मागून येणाऱ्याचे चाक त्यावरून सरकते. मोटारसायकलींच्या शर्यतींत म्हणूनच बहुतेक ठिकाणी ग्लायकॉलला मज्जाव आहे, मग ते निर्जल असो वा मिश्रणातले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची ‘फॉर्म्युला स्टुडंट’ ही जी आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिका आहे, तिच्या नियमांत इंजिनात निव्वळ पाणीच असावे असे बजावलेले आहे. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवेवर भरणारी ‘फॉर्म्युला भारत’ ही त्याच कुळातली. तेव्हा ज्याला गाडी शर्यतीच्या मार्गावर न्यावयाची आहे त्याने बाटली विकत घेण्यापूर्वी तेथील नियमपुस्तक वाचावे. नियम परवानगी देत असतील तर तेथे अनेकजण उर्ध्वपातित पाण्यात थोडे गंजरोधक घालून काम भागवतात. गोठण्याची भीती नसलेल्या आपल्या हवेत उष्णतेच्या दृष्टीने त्याहून सरस द्रव नाही. मात्र अशी गाडी हिवाळ्यात लेह-मनालीकडे नेण्याचे मनात आणू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि तेवढे फुगणे इंजिनाचा ठोकळा फोडण्यास पुरेसे आहे.

मग निर्जल कूलंट कोणी घ्यावे? ज्याच्यापाशी पन्नास-साठ सालची जुनी, जपून ठेवलेली गाडी आहे, त्याने अवश्य विचार करावा. अशा गाडीचा रेडिएटर पितळी, त्याचे सांधे झाळलेले, टोपण चार-सात पौंडांपलीकडे दाब न झेपणारे. तिच्यात दाब वाढवणे म्हणजे सांधे उसवणे. ती वर्षातून पाच-दहा वेळा निघते. बाकीचा काळ उभ्या जागी आतले पाणी लोखंडाला खात असते. तिला अश्वशक्तीची हाव नसते, मिरवणुकीच्या गतीने जाताना उकळू नये एवढेच मागणे असते. तेथे दाब न चढणारा, गंज न आणणारा द्रव शोभून दिसतो. इंजिन बंद केल्यावर तप्त धातूची उष्णता साचलेल्या द्रवात उतरून तो मागाहून उकळतो, हे जुन्या गाड्यांचे एक दुखणे; तेही त्याने थांबते. काही डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या बाहेरच्या अंगाला बुडबुडे फुटून फुटून धातूला बारीक खड्डे पडतात, तेथेही त्याचा उपयोग आहे.

घ्यायचे ठरलेच तर ते अर्धवट घेऊ नये. आतील जुने पाणी पूर्णपणे निघाले पाहिजे. ३ टक्क्यांहून अधिक पाणी राहू नये, अशी उत्पादकाची अट असते. रेडिएटरचा खालचा नळ सोडून हे होत नाही. इंजिनाच्या ठोकळ्यात पाणी राहते, हीटरच्या जाळीत राहते, नळ्यांच्या वळणांत राहते. ते सारे उपसून, वाऱ्याने झटकून, पाणी शोषणाऱ्या द्रवाने धुऊन मगच नवा द्रव भरावयाचा. त्याची किंमत साध्या कूलंटच्या कित्येक पट. आणि पुढे कधी रात्री दोन वाजता रस्त्यात नळी फुटली, तर जवळच्या धाब्यावरचे पाणी ओतून गाडी घरी आणता येईल खरी, पण मग सारा खर्च त्या घागरीबरोबर वाहून गेला असे समजावे.

वेगवान गाडीच्या बहुसंख्य मालकांना याहून कितीतरी स्वस्त उपाय पुरतो. गाडी तापते अशी तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत कूलंटची जातच दोषी आहे, असे क्वचित निघते. टोपणाची स्प्रिंग मेलेली असते. थर्मोस्टॅट अर्धवट उघडा राहून अडकलेला असतो. रेडिएटरच्या पट्ट्यांत पावसाळ्यातील किडे आणि चिखल वाळून बसलेला असतो. पंखा उशिरा सुरू होतो. टोपण बदलण्यास काही शे रुपये लागतात. त्याआधी बाटल्यांचा विचार करणे म्हणजे छप्पर गळत असताना भिंतीला रंग काढणे होय. याउपर मार्गावर गाडी तापतच असेल, तर मोठा रेडिएटर आणि इंजिनाच्या तेलासाठी वेगळा कूलर, ही दोन कामे निर्जल द्रवाहून अधिक उपयोगी पडतात.

मिश्रण करताना पाणी मात्र पाहून घ्यावे. इंदूर असो, हैदराबाद असो की बेळगाव, आपल्या बोअरिंगचे पाणी बहुधा जड. भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच हेडमधील सर्वांत तप्त जागी बसतो आणि उष्णतेची वाट अडवतो. म्हणून उर्ध्वपातित पाणी घ्यावे, किंवा तयार मिश्रणच आणावे. ग्लायकॉल जितके कमी तितकी उष्णता अधिक वाहून जाते, हे खरे. तरी पुस्तिकेतील प्रमाणाच्या खाली उतरू नये. गंजरोधक द्रव्ये ग्लायकॉलबरोबरच येतात, आणि तीही काही वर्षांत संपतात. कूलंटचा हिरवा, गुलाबी, जांभळा रंग पाहून जात ठरवू नये. रंग ही उत्पादकाची मर्जी असते. भिन्न जातींची द्रव्ये एकत्र आली तर त्यांचा गोळा होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजू शकतात.

आणि जुने कूलंट गटारात सोडू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री, मांजरे ते चाटतात. प्रौढ माणसाच्या पोटात शंभर-एक मिलिलिटर गेले तरी ते जिवावर बेतते. लहान मुलास त्याहून फारच थोडे पुरे. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्या मानाने पुष्कळच सौम्य आहे, हा निर्जल कूलंटच्या काही प्रकारांकडचा आणखी एक गुण होय. परंतु प्रत्येक निर्जल कूलंट प्रॉपिलीनचेच असते असे नाही, तेव्हा बाटलीवरील घटक वाचावे लागतात. गाडीतून काढलेला द्रव पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर कदापि ठेवू नये. पत्र्याच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, जुने तेल जेथे गोळा करतात तेथे विचारून तो द्यावा. आणि डबा देईपर्यंत गॅरेजच्या वरच्या फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा, ठेवावा.